नोवी सादचा नगराध्यक्ष

१८५७ साली स्वेतोझार मिलेतिच या एकतीस वर्षांच्या सर्ब वकिलाने ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या नोवी साद शहरात आपलं कार्यालय थाटलं. तेव्हा ते शहर आठ वर्षांपूर्वीच्या होळीतून अजून पुरतं सावरलेलं नव्हतं. शहरासमोर डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर पेत्रोवारादिनचा अवाढव्य किल्ला आहे. १२ जून १८४९ रोजी त्या किल्ल्यातल्या, ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेल्या हंगेरियन फौजेने नदीपलीकडून शहरावर तोफा डागल्या, कारण शहरात ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं सैन्य शिरलं होतं. शहरात २,८१२ घरं होती. त्यांतली ८०८ वाचली. व्यापारी पांगले, दप्तरं आणि पुस्तकं खाक झाली, हजारो माणसं आसपासच्या गावांत आसऱ्याला गेली.

या शहराचा इतिहास जरा वेगळा होता. १७४८ साली इथल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी वर्गणी जमवून, चांगली भक्कम रक्कम मोजून, महाराणी मारिया थेरेसाकडून 'मुक्त राजनगर' असल्याची सनद मिळवली होती. याचा अर्थ असा, की शहरावर कुठल्या सरदाराची किंवा लष्करी अधिकाऱ्याची हुकमत नाही, आपला कारभार आपण निवडलेल्या माणसांनी करायचा. मिलेतिचच्या पुढच्या साऱ्या राजकारणाची जमीन या सनदेत आहे असं मला वाटतं. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याचं संसदेतलं आणि तुरुंगातलं आयुष्य रंगवून सांगतात. मला त्याची नगरपालिका जास्त महत्त्वाची वाटते. हंगेरीतल्या सर्बांसारख्या, स्वतःचं राज्य नसलेल्या समाजाच्या हातात निदान एक नगरपालिका असली, तर तिच्यातून काय काय उभं करता येतं, हे त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं.

तो मूळचा मोशोरिन गावचा. तिसा नदी डॅन्यूबला मिळते त्या कोपऱ्यातलं हे गाव. त्या भागाला शायकाश्का म्हणत. शायका म्हणजे लांबट, अरुंद, वल्ह्यांची लढाऊ होडी. ऑटोमन साम्राज्याच्या सरहद्दीवर नद्यांची राखण करायला ऑस्ट्रियाने १७६३ साली या होड्यांची खास पलटण उभी केली, तिचं ठाणं तितेल इथे ठेवलं आणि आजूबाजूची सर्ब गावं त्या पलटणीला जोडून टाकली. गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष शेतकरीही होता आणि शिपाईही. जमीन कसायची ती चाकरीच्या बदल्यात. बोलावणं आलं की नांगर सोडून वल्हं हातात घ्यायचं, मग लढाई शेजारच्या नदीवर असो की दूर इटलीत.

अशा गावात एका चांभाराच्या घरी २२ फेब्रुवारी १८२६ रोजी स्वेतोझार जन्मला. वडील बूट शिवत. आजोबा अवराम मिलेतिच मात्र लिहिणारे होते. त्यांनी गावोगावची लोकगीतं उतरवून ठेवली होती. योगायोग असा, की सर्बांची सर्वांत जुनी साहित्यसंस्था 'मातित्सा स्रप्स्का' हीसुद्धा त्याच वर्षी पेस्ट शहरात स्थापन झाली. सात भावंडांतला थोरला म्हणून पोराने वडिलांचा धंदा उचलायचा, हे जवळजवळ ठरलेलं होतं. पण तितेलच्या शाळेत त्याची हुशारी लष्करातल्या एका सर्ब मेजरच्या नजरेत भरली आणि त्याच्या मदतीने मुलगा नोवी सादच्या शाळेत गेला. पुढे तो प्रेसबुर्गच्या विद्यालयात शिकला. आजचं ब्रातिस्लाव्हा ते हेच. तिथे ल्युदोवित श्तूर या स्लोव्हाक पुढाऱ्याभोवती जमलेल्या तरुणांमध्ये त्याची ऊठबस झाली. स्लोव्हाक, सर्ब, क्रोएट ही सारी मुलं एकाच प्रश्नाने पछाडलेली होती. आपली भाषा घरात आणि चर्चमध्ये चालते, पण कचेरीत आणि कायद्यात तिला जागा नाही, असं किती दिवस चालायचं?

१८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला तेव्हा मिलेतिच पेस्टमध्ये कायदा शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो गावाकडे धावला. शायकाश पलटणीला इटलीत लढायला जायचा हुकूम आला होता. परक्या मुलखात मरायला जाऊ नका, इथे आपल्याच भवितव्याचा निकाल लागतो आहे, असं तो शिपायांना सांगत फिरला. मे महिन्यात स्रेम्स्की कार्लोव्ची इथे सर्बांची मोठी सभा भरली. योसिफ रायाचिच यांना धर्मप्रमुख आणि स्तेवान शुप्ल्यिकात्स यांना 'व्होयव्होदा', म्हणजे प्रांताचा सेनापती-प्रमुख, निवडून तिने सर्बांचा स्वायत्त प्रांत जाहीर केला. हंगेरियन क्रांतिकारकांना स्वतःसाठी स्वातंत्र्य हवं होतं, पण त्यातला वाटा सर्बांना द्यायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून सर्ब व्हिएन्नाच्या बाजूने लढले आणि त्या युद्धात हजारो माणसं, शेकडो गावं आणि नोवी साद शहर गमावून बसले.

बक्षीस म्हणून १८४९ च्या अखेरीस सम्राटाने एक प्रांत दिला खरा. त्याच्या नावात सर्बांचा उल्लेख होता आणि त्याच्या प्रमुखाची पदवी खुद्द सम्राट फ्रान्झ योसेफने स्वतःकडे ठेवली होती. पण राजधानी होती दूर तेमेशवारला, कारभार चालायचा जर्मनमध्ये आणि अधिकारी यायचे व्हिएन्नाहून. लोकांना त्यात नाव सोडून आपलं काहीच सापडलं नाही. तेही अकरा वर्षंच टिकलं. डिसेंबर १८६० मध्ये हंगेरियन सरदारवर्गाशी जुळवून घ्यायची गरज पडली आणि व्हिएन्नाने एका फर्मानाने तो प्रांत मोडून हंगेरीला जोडून टाकला.

सर्ब समाजाला हा विश्वासघात जिव्हारी लागला. नोवी सादच्या 'स्रब्स्की द्नेव्हनिक' या वृत्तपत्रात मिलेतिचने तेव्हा लिहिलेला लेख त्याला एका रात्रीत पुढारी करून गेला. नाताळच्या दोन दिवस आधी येणाऱ्या तुचिंदान या सणाचं नाव त्या लेखाला आजही चिकटून आहे. त्याचं म्हणणं साधं होतं आणि तितकंच धाडसी. व्हिएन्नाच्या कृपेची वाट पाहणं बंद करा. सम्राट देतो ते सम्राट काढूनही घेतो. आपल्याला ज्यांच्या शेजारी राहायचं आहे त्या हंगेरियनांशी, स्लोव्हाकांशी, रोमानियनांशी बरोबरीच्या नात्याने बोला आणि हक्क कायद्याने मिळवा. आपण सर्ब आहोत, पण या देशाचे नागरिकही आहोत, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. अकरा वर्षांपूर्वी हंगेरियन तोफांनी जाळलेल्या शहरात बसून हे लिहायला मोठं काळीज लागतं.

१८६१ साली नोवी सादने त्याला नगराध्यक्ष निवडलं. वय पस्तीस. त्याने पहिल्या सपाट्यात नगरपालिकेचा कारभार सर्बियन भाषेत आणला. बाहेरून पाहणाऱ्याला ही कचेरीतली किरकोळ बाब वाटेल. पण ज्या माणसाला आपल्या घराच्या नोंदीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला विचारावं त्याचं मोल.

त्याच वर्षी २८ जुलैला शहरातल्या सर्बियन वाचनालयात एक बैठक भरली. अध्यक्षस्थानी मिलेतिच होता. 'स्रब्स्की द्नेव्हनिक'चा संपादक योवान जोर्जेविच याने मांडलेल्या कल्पनेवर तिथे शिक्कामोर्तब झालं आणि सर्बियन राष्ट्रीय नाट्यगृह स्थापन झालं. सर्बियन भाषेतली ही पहिली कायमची व्यावसायिक नाटक कंपनी. खुद्द स्वायत्त सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, अशी संस्था यायला आणखी काही वर्षं लागली, आणि ती उभी करायलाही जोर्जेविचलाच बोलवावं लागलं. जळून गेलेल्या शहरात नाटक कंपनी आधी की गटारं आधी, असा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला असेल. मिलेतिचचा हिशोब वेगळा होता. नट गावोगाव फिरतील, शाळा न पाहिलेला शेतकरीसुद्धा रंगभूमीवर आपली भाषा ऐकेल, आणि सगळ्या विखुरलेल्या मुलखाला आपलं एक केंद्र आहे हे कळेल. तीन वर्षांनी 'मातित्सा स्रप्स्का'ही पेस्टमधलं बिऱ्हाड हलवून नोवी सादला आली. ग्रंथालय आलं, छापखाने वाढले. लोक या शहराला 'सर्बांचं अथेन्स' म्हणू लागले.

पण नगराध्यक्षपद फार टिकलं नाही. १८६१ च्या अखेरीस व्हिएन्ना आणि हंगेरी यांचं पुन्हा फाटलं. सम्राटाने हंगेरीतल्या लोकांनी निवडलेल्या जिल्हा आणि नगर संस्थांचे अधिकार गुंडाळून आपली माणसं नेमली. १८६२ साली मिलेतिचची पहिली कारकीर्द आटोपली.

१८६५ साली तो हंगेरीच्या संसदेत निवडून गेला. त्या काळची निवडणूक कशी असायची हे इथे सांगायला हवं. मताचा हक्क मालमत्ता, उत्पन्न किंवा शिक्षण असणाऱ्या पुरुषांनाच होता. शंभर माणसांमागे मतदार साधारण सहा. गुप्त मतदान नव्हतं. मतदाराने मतदान समितीच्या मेजासमोर उभं राहायचं आणि आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्याने उच्चारायचं. समोर सरकारी अधिकारी बसलेला, मागे सावकार किंवा जमीनदाराचा कारकून कान टवकारून उभा. अशा खोलीत मिलेतिचचं नाव घेणारा शेतकरी किंवा दुकानदार घरी जाताना काय काय गमावण्याची तयारी ठेवून जात असेल! तरी ते नाव घेतलं गेलं, पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. मिलेतिचच्या संसदेतल्या भाषणांना जी धार होती ती या माणसांच्या धैर्याची होती असं मी मानतो.

फेब्रुवारी १८६६ मध्ये त्याने पेस्टमध्ये 'झास्तावा' हे वृत्तपत्र काढलं आणि पुढच्या वर्षी ते नोवी सादला आणलं. झास्तावा म्हणजे निशाण. हंगेरीतल्या सर्बांचं ते सर्वांत वजनदार पत्र ठरलं, आणि हद्दीपलीकडे सर्बियात, बोस्नियातही ते वाचलं जाई. १८६६ च्याच ऑगस्टमध्ये नोवी सादला 'संयुक्त सर्ब युवक' ही संघटना स्थापन झाली. तीत कवी होते, विद्यार्थी होते, व्यापारी होते, आणि ऑस्ट्रियाच्या, सर्बियाच्या, तुर्कांच्या अशा तिन्ही राज्यांतले सर्ब होते. मिलेतिच तिचा एक आधारस्तंभ होता. पाच-सहा वर्षांत सरकारांनी ती मोडून काढली.

१८६७ साली ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांची प्रसिद्ध तडजोड झाली. एका साम्राज्याची दोन राज्यं झाली आणि सर्ब, स्लोव्हाक, रोमानियन यांचं भवितव्य पेस्टच्या, म्हणजे हंगेरियन सरकारच्या, हाती गेलं. त्याच वर्षी नोवी सादने मिलेतिचला दुसऱ्यांदा नगराध्यक्ष केलं. या वेळी त्याला जेमतेम वर्ष मिळालं. १८६८ साली सरकारने आपला आयुक्त पाठवून त्याला पदावरून दूर केलं. पहिल्या वेळी व्हिएन्नाने नगरपालिका हिसकावली होती, दुसऱ्या वेळी पेस्टने. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन सत्तांना हा एक नगराध्यक्ष सारखाच नकोसा व्हावा, ही त्याच्या कामाला मिळालेली मोठीच पावती होती.

त्याच वर्षी संसदेत 'राष्ट्रीयत्वांचा कायदा' आला. योझेफ एत्वश हा उदार विचारांचा मंत्री त्याचा मुख्य शिल्पकार आणि फेरेन्स देआक त्याचा पाठीराखा. न्यायाने सांगायचं तर त्या काळच्या युरोपात अल्पसंख्याकांना इतकं देणारे कायदे फार नव्हते. गावपातळीवर, चर्चमध्ये, प्राथमिक शाळेत मातृभाषा वापरायची मुभा त्यात होती. पण पायाच असा घातला होता, की हंगेरीत राजकीय राष्ट्र एकच, अखंड हंगेरियन राष्ट्र, बाकी सगळे वेगळ्या भाषा बोलणारे नागरिक. सर्ब आणि रोमानियन खासदारांनी मिळून पर्यायी मसुदा आणला. हंगेरियन, रोमानियन, सर्ब, स्लोव्हाक, रुथेनियन आणि जर्मन अशी सहा राष्ट्रं बरोबरीची मानावीत, ही त्यातली मागणी. बहुमताने ती फेटाळली आणि हे खासदार सभागृह सोडून बाहेर पडले.

इथे मिलेतिचची दुसरी बाजू दिसते. तो एकट्या सर्बांसाठी भांडत नव्हता. जानेवारी १८६९ मध्ये वेलिकी बेच्केरेक या गावी, म्हणजे आजच्या झ्रेन्यानिनमध्ये, त्याच्या अनुयायांची परिषद भरली आणि 'सर्ब राष्ट्रीय स्वतंत्रविचारी पक्ष' जन्माला आला. तिथे मंजूर झालेल्या कार्यक्रमात रोमानियन आणि स्लोव्हाक यांच्याशी एकजूट आहे, क्रोएशियाच्या स्वायत्ततेला पाठिंबा आहे, हंगेरियन लोकशाहीवाद्यांशी सहकार्याची तयारी आहे. तुर्की साम्राज्यातल्या ख्रिश्चन प्रजेच्या प्रश्नात बड्या सत्तांनी ढवळाढवळ करू नये, त्या त्या लोकांनी आपलं ठरवावं, असंही त्यात बजावलं आहे. एका छोट्या प्रांतातल्या, सत्तेची आशा नसलेल्या पक्षाने इतका पुढचा विचार कागदावर मांडावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पहिला तुरुंगवास क्रोएशियापायीच घडला. क्रोएशियाचा बान, म्हणजे राज्यपाल, लेव्हिन राउख हा पेस्टचा खास माणूस. त्याच्या कारभारावर 'झास्तावा'ने कडाडून टीका केली. राउखने खटला भरला, पेस्टच्या ज्युरीने मिलेतिचला दोषी ठरवलं आणि १८७० साली एक वर्षाच्या शिक्षेवर त्याची रवानगी व्हात्सच्या तुरुंगात झाली. गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी, की शिक्षा भोगणारा आत असतानाच राउखला पदावरून जावं लागलं. मिलेतिच ऑक्टोबर १८७१ मध्ये सुटला. नोवी सादने त्याचं स्वागत एखाद्या विजयी सेनापतीसारखं केलं.

त्याच्यावर तुटून पडणारे सर्बांमध्येही होते. सर्बांच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या कार्लोव्चीच्या धर्मसभेत ७५ सभासद, त्यांतले २५ धर्मगुरू, ५० सामान्य लोकांचे प्रतिनिधी. शाळा, मठांच्या जमिनी, चर्चचा पैसा या सगळ्यावर तिची देखरेख. हा पैसा शाळांना जावा आणि त्यावर लोकांच्या प्रतिनिधींचा अधिकार असावा, असं मिलेतिचचं म्हणणं. वरच्या धर्माधिकाऱ्यांना आणि सरकारशी जमवून असलेल्या बड्या घराण्यांना ते कसं रुचणार? पण बहुतेक वेळा सभेत बहुमत मिलेतिचच्या माणसांचं असे आणि अंतिम शब्द सम्राटाचा. सभेने बिशप आर्सेनिये स्तोयकोविचला धर्मप्रमुख निवडावं आणि सम्राटाने मंजुरी नाकारावी, हे १८७४ साली झालं आणि १८८१ सालीही.

१८७५ च्या उन्हाळ्यात हर्झेगोविनात तुर्कांविरुद्ध बंड झालं. त्याच वर्षी काल्मान तिसा हंगेरीचा पंतप्रधान झाला. एत्वश वारला होता, देआक अखेरच्या आजारात होता. त्यांच्या कायद्यात जे थोडंफार औदार्य होतं ते तिसाने व्यवहारातून पुसून टाकायला घेतलं. स्लोव्हाकांची 'मातित्सा' ही संस्था त्याने १८७५ मध्येच बंद पाडली. ३० जून १८७६ रोजी सर्बियाने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. डॅन्यूबच्या उत्तर काठावरच्या सर्बांमध्ये उत्साहाला उधाण आलं. स्वयंसेवक गुपचूप नदी ओलांडू लागले, पैसा गोळा होऊ लागला.

५ जुलैच्या रात्री नोवी सादमधल्या राहत्या घरी मिलेतिचला अटक झाली. तो खासदार होता. संसदेच्या परवानगीशिवाय खासदाराला पकडता येत नाही, हा हंगेरीच्या संसदेचा अभिमानाचा नियम होता. सरकारने परवानगी मागितलीच नाही. पुढे सभागृहात प्रश्न उठला तेव्हा तिसाच्या बहुमताने सरकारची पाठराखण केली. मिलेतिचचा सोबती मिहाइलो पोलित-देसांचिच आणि आणखी काही मोजके आवाज विरोधात उठले आणि विरून गेले. स्वयंसेवक आणि पैसा जमवून शेजारच्या देशाच्या युद्धाला मदत केली म्हणून राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. त्याची सहानुभूती सर्बियाला होती हे उघड होतं, त्याने ती कधी लपवलीही नव्हती. पण दुसऱ्या एका देशाला केलेली मदत आपल्याच राजाविरुद्धचा द्रोह कशी ठरते, हे सरकारला पटेल असं कधीच सांगता आलं नाही. खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. तोवर तो कोठडीतच. जानेवारी १८७८ मध्ये बुडापेस्टच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पुन्हा व्हात्स.

व्हात्स बुडापेस्टच्या वर, डॅन्यूबच्याच काठावर आहे. मिलेतिच तिथे होता त्या काळात बाहेरचं सगळं चित्र बदलून गेलं. १८७८ च्या बर्लिन परिषदेने सर्बियाला पूर्ण स्वातंत्र्य दिलं आणि बोस्निया-हर्झेगोविना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात दिलं. ज्या युद्धाला मदत केल्याबद्दल तो कैदेत होता, ते युद्ध केव्हाच संपलं होतं आणि त्याचा फायदा त्याला कैद करणाऱ्या साम्राज्याने घेतला होता. नोव्हेंबर १८७९ मध्ये सम्राटाच्या माफीने तो सुटला.

सुटून आलेला माणूस पहिल्यासारखा नव्हता. १८८१ साली लोकांनी त्याला पुन्हा संसदेत पाठवलं, तो बोललाही. पण एकांतवासाने मन आतून पोखरलं गेलं होतं. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तोल ढळला आणि त्याला बुडापेस्टच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. मधूनमधून बरं वाटे, पण राजकारणात तो परतला नाही. शेवटची वर्षं त्याने वर्शात्स गावी, डॉक्टर झालेल्या मुलाजवळ, स्लावकोजवळ काढली. हुकूमशहांच्या देशात विरोधकाला संपवतात तेव्हा निदान कायद्याचा देखावा तरी फार नसतो. इथे संसद होती, ज्युरी होती, वकील होते, वृत्तपत्रं होती, आणि या सगळ्यांच्या देखत कायद्यावर विश्वास ठेवणारा माणूस मोडला गेला. तिसाच्या कारकिर्दीवरचा हा डाग हंगेरियन इतिहासकारांनी कितीही घासला तरी निघणारा नाही.

त्याच्या पक्षाचंही मग धड राहिलं नाही. १८८४ साली तडजोडवाद्यांनी किकिंदा इथे बैठक घेऊन सरकारशी जुळवून घेण्याचा मार्ग धरला. उरलेल्यांत उदारमतवादी आणि जहाल अशी फूट पडली. 'झास्तावा' जहालांकडे गेलं आणि त्यांचा पुढारी होता याशा तोमिच, मिलेतिचची मुलगी मिलित्सा हिचा नवरा. ४ जानेवारी १८९० रोजी नोवी सादच्या रेल्वे स्टेशनवर याशा तोमिचने उदारमतवाद्यांचा नेता आणि संपादक मिशा दिमित्रियेविच याला भोसकून मारलं. मिलित्साने लग्नाआधी लिहिलेल्या एका पत्राचा राजकीय भांडणात वापर झाला, हे त्याचं निमित्त. ज्या चळवळीने शहरात वाचनालय, रंगभूमी आणि वृत्तपत्र उभं केलं तिची ही गत झाली. मिलेतिच तेव्हा हयात होता.

४ फेब्रुवारी १९०१ रोजी वर्शात्सला तो वारला. दफन नोवी सादला झालं.

मिलित्सा पुढे स्वतःच्या बळावर मोठी झाली. तिने स्त्रियांची संघटना बांधली, १९११ पासून 'झेना' म्हणजे 'स्त्री' हे मासिक चालवलं. २५ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिलं महायुद्ध संपून ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळल्यावर नोवी सादला महासभा भरली आणि तिने हा सगळा मुलूख सर्बियाला जोडण्याचा ठराव केला. ठराव वाचून दाखवला याशा तोमिचने. सभेत ७५७ प्रतिनिधी होते, त्यांत सात स्त्रिया, आणि त्या सातांत मिलित्सा. बापाने ज्या दिवसाची वाट पाहिली तो मुलीने मत देऊन आणला.

१ ऑक्टोबर १९३९ रोजी नोवी सादच्या मुख्य चौकात, नगरपालिकेच्या इमारतीसमोर, इवान मेश्त्रोविचने घडवलेला मिलेतिचचा ब्राँझचा भव्य पुतळा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीने शहर व्यापलं तेव्हा तो तिथून हटला आणि १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर पुन्हा बसला. शहरातल्या लोकांनी हाक दिली की सभा आजही तिथेच भरते.

पण त्याच्या वारसदारांनी त्याची अर्धीच शिकवण उचलली, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. हंगेरीत सहा राष्ट्रं बरोबरीची मागणाऱ्या माणसाच्या गावात, १९१८ च्या त्या महासभेत, ७५७ पैकी ५७८ सर्ब होते, ८४ बुन्येव्हत्सी (कॅथलिक दक्षिण स्लाव), ६२ स्लोव्हाक, २१ रुथेनियन. त्या मुलखाच्या लोकसंख्येत हंगेरियन आणि जर्मन मिळून जवळजवळ निम्मे. सभेत जर्मन होते सहा आणि हंगेरियन एक. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२० मध्ये, नव्या राज्याची घटना लिहिण्यासाठी निवडणूक झाली, तेव्हा या दोन्ही समाजांना मताचा हक्क नव्हता.